वॉर्साचा अभियंता, औंधचा भारतानंद
(अचलपूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



अचलपुरात येऊन कापसाविषयी बोलणे म्हणजे देहूत जाऊन अभंग समजावून सांगण्यासारखे आहे. तरीही आजच्या विषयाचा आरंभ कापसापासूनच करावा लागतो. येथून मूर्तिजापूरला जाणारी आपली 'शकुंतला' ज्यांना आठवते, त्यांना त्या चिमुकल्या गाडीचे कौतुक आहे आणि ते साहजिकही आहे. पण ती गाडी एका विलायती कंपनीने टाकली ती वऱ्हाडच्या माणसांना फिरवून आणण्यासाठी नव्हे. या काळ्या जमिनीतला कापूस रेच्यातून सरकी वेगळी करून, गाठी बांधून मुंबई बंदरापर्यंत आणि तेथून मँचेस्टरपर्यंत लवकर पोहोचावा, एवढाच तिचा हेतू होता. कापूस पिकतो तेथून उचलून दूर न्यायचा, हे एका तऱ्हेचे यंत्रशास्त्र. ज्या घरात कापूस पिकतो त्याच घरात त्याचे सूत व्हावे म्हणून डोके चालवायचे, हे दुसऱ्या तऱ्हेचे. आज ज्यांचे चरित्र आपण पाहणार आहोत, त्यांनी पहिल्या तऱ्हेचे उत्तम शिक्षण घेतले आणि आयुष्य मात्र दुसऱ्या तऱ्हेला दिले.

त्यांचे मूळ नाव मॉरिस फ्रिडमन. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पोलंडमधील वॉर्सा शहरात एका गरीब ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तेव्हा वॉर्सा रशियाच्या झारच्या अमलाखाली होते. म्हणजे पारतंत्र्य हा शब्द त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही. मुलगा विलक्षण बुद्धिमान निघाला. विद्युत अभियांत्रिकीत त्यांनी तरुणपणीच नाव मिळवले, अनेक शोधांचे स्वामित्वहक्क त्यांच्या नावे नोंदले गेले आणि पुढे ते फ्रान्समध्ये काम करू लागले. मन मात्र यंत्रांत रमूनही यंत्रांपाशी थांबले नव्हते. ज्यू धर्मग्रंथ, ख्रिस्ती संतांची वचने, थिऑसफी असा त्यांचा शोध चालू होता. त्याच सुमारास म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्याशी त्यांची गाठ पडली. मिर्झासाहेबांना बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्यासाठी जाणता माणूस हवा होता आणि फ्रिडमन यांना भारतात येण्याचे निमित्त हवे होते. १९३५ च्या सुमारास ते बंगळूरला दाखल झाले.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावयास हवी. काही ठिकाणी फ्रिडमन यांचा उल्लेख 'ज्यू निर्वासित' असा केलेला आढळतो. वास्तविक ते आले तेव्हा सन्मानाच्या निमंत्रणावरून आले होते. त्यांना निर्वासित केले ते युद्धाने, आणि तेही ते येथे असताना. १ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरच्या फौजा पश्चिमेकडून पोलंडमध्ये शिरल्या. १७ सप्टेंबरला स्टालिनच्या फौजा पूर्वेकडून आल्या. युद्धापूर्वी वॉर्सात सुमारे साडेतीन लाख ज्यू राहत होते. त्यांना प्रथम भिंतींच्या आत कोंडण्यात आले आणि १९४२ च्या उन्हाळ्यापासून आगगाड्या भरभरून त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यात आले. १९४५ पर्यंत ते शहरही बहुतांशी दगडमातीचा ढीग होऊन पडले. ज्या गल्लीत बालपण गेले ती गल्ली नाही आणि त्या गल्लीतली माणसेही नाहीत! घर सोडून पळालेला निर्वासित निदान मागे वळून पाहू शकतो. फ्रिडमन यांच्यासाठी मागे वळून पाहण्याजोगे काही शिल्लक राहिले नव्हते.

त्या युद्धाने युरोपात अशी माणसे कोट्यवधींनी घडवली. एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा चिमुकला देश, लोकसंख्या दहा-अकरा लाखांची. १९४४ साली सोव्हिएत सैन्य पुन्हा येत आहे असे दिसताच तेथील सत्तर-ऐंशी हजार माणसे मासेमारीच्या होड्यांतून स्वीडनकडे, मिळेल त्या जहाजातून जर्मनीकडे निघाली. त्यांची मुले छावण्यांत शिकली, अभियंते झाली, परक्या देशांचे पूल आणि वीजकेंद्रे त्यांनी बांधली. निर्वासिताजवळ नेण्यासारखे सामान नसते. डोक्यातली विद्या तेवढी सीमेवर कोणी काढून घेऊ शकत नाही. फाळणीनंतर सिंध-पंजाबातून आलेल्या आपल्या बांधवांनी हेच नाही का दाखवून दिले?

फ्रिडमन यांचे वेगळेपण असे की, आपली विद्या त्यांनी नव्या देशात प्रतिष्ठा मिळवण्यासाठी वापरली नाही. प्रतिष्ठा तर त्यांना आल्याबरोबर मिळाली होती. मोठा कारखाना, मोठा पगार, दिवाणांचा विश्वास. तिरुवण्णामलैला रमण महर्षींच्या सान्निध्यात त्यांनी पुष्कळ काळ घालवला. १९३९ साली निघालेल्या 'महर्षीज् गॉस्पेल' या पुस्तकातले कित्येक प्रश्न त्यांनीच विचारलेले आहेत. पुढे कान्हनगडच्या स्वामी रामदासांकडून त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि ते 'भारतानंद' झाले. पगार ते गरजूंना वाटून टाकत. कारखान्यातही ते भगव्या वस्त्रांत जाऊ लागले. एकदा कोणी बडे पाहुणे कारखाना पाहायला येणार म्हणून दिवाणांनी त्यांना साहेबी पोशाख घालण्याची सूचना केली. तेव्हा त्यांनी पोशाख न बदलता राजीनामा पुढे केला, असे सांगतात. मिर्झासाहेब गुणग्राहक. त्यांनी पोशाख राहू दिला आणि माणूसही राखला.

आता औंध. सातारा जिल्ह्यातले हे संस्थान जेमतेम ७२ गावांचे, लोकसंख्या पाऊण लाखाच्या घरात, आणि मुलूखही एकसंध नव्हे. सातारा, सांगली, विजापूर या आजच्या जिल्ह्यांत तुकड्या-तुकड्यांनी पसरलेला. दुष्काळी माणदेशाचा बराच भाग त्यात. पण राजा असा लाभला होता की ज्याचे नाव मोठमोठ्या संस्थानिकांपेक्षा अधिक काळ टिकले. बाळासाहेब पंतप्रतिनिधी, म्हणजेच भवानराव श्रीनिवासराव. स्वतः उत्तम चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे एकनिष्ठ प्रचारक. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या परिसरात वाढलेल्यांना सूर्यनमस्कार नवे नाहीत; पण शाळाशाळांतून ते नेण्याचा ध्यास ज्या थोडक्यांनी घेतला त्यांत औंधकर अग्रभागी होते. वेदमूर्ती पंडित सातवळेकर त्यांच्याच आश्रयाने औंधात वेदांचे संशोधन-प्रकाशन करीत होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कारखान्यासाठी माळरान दिले ते याच संस्थानाने.

राजेसाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन १९३७ च्या सुमारास परतले. त्यांची आणि भारतानंदांची मैत्री झाली आणि मिर्झासाहेबांकडून त्यांना औंधसाठी मागून घेण्यात आले. आणायचे होते ग्रामोद्योगासाठी. पण या अभियंत्याने औंधात आल्यावर ज्या यंत्राची दुरुस्ती प्रथम हाती घेतली ते यंत्र राज्यकारभाराचे होते!

अप्पासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे की, भारतानंदांचा राजेसाहेबांवर विलक्षण प्रभाव होता. राजेसाहेबांच्या वाढदिवसाच्या सुमारास ते त्यांना म्हणाले, की सारी सत्ता प्रजेला देत असल्याची घोषणा आपण का करीत नाही? स्वातंत्र्याच्या चळवळीला त्याने बळ मिळेल. हे सुचवणारा कोण, तर राज्यात कसलाही अधिकार नसलेला एक परदेशी संन्यासी. आणि ऐकणारा राजा तरी कसा! वयाच्या सत्तरीत, तीस वर्षे गादी सांभाळल्यावर त्यांनी ते मान्य केले. घोषणेचा मसुदा भारतानंदांनी लिहिला. नोव्हेंबर १९३८ मध्ये ती घोषणा झाली. राजेसाहेब आणि अप्पासाहेब वर्ध्याला गांधीजींकडे गेले, राज्यघटनेची रूपरेषा तेथे ठरली आणि २१ जानेवारी १९३९ रोजी ती औंधात अमलात आली. आपल्या विदर्भाच्या भूमीवर आखलेली ही घटना आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते, ही खेदाची गोष्ट आहे.

घटनेचा गाभा साधा होता. प्रत्येक गावाने आपले पाच पंच निवडायचे. पंचायतींच्या प्रमुखांतून तालुक्याची समिती, तालुक्यांतून संस्थानचे विधिमंडळ आणि विधिमंडळाला जबाबदार असलेले मंत्री. गावचे तंटे शक्यतो गावातच मिटवायचे. फिर्यादीला वकील आणि तारखा यांच्या मागे तालुक्याला हेलपाटे घालावे लागू नयेत. सत्ता वरून खाली झिरपण्याऐवजी खालून वर चढेल अशी ही रचना. पाणी उंचावर चढवायचे तर पंप लागतो, हे अभियंत्याला ठाऊक असतेच. औंधात पंपाचे काम करावे लागले ते माणसांना. प्रथम रयतच बिचकली. पिढ्यान्‌पिढ्या 'सरकार' म्हणण्याची सवय असलेल्या माणसाला 'आता सरकार तूच' असे सांगितले तर तो गोंधळणारच. गावोगाव फिरून, चावडीवर बसून, पुन्हा पुन्हा समजावून हे यंत्र चालते करावे लागले. पण चालले. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत ते चालत राहिले. १९४२ च्या चळवळीत, नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात, भूमिगतांना औंधच्या हद्दीत जो आसरा मिळे त्यामागेही हीच हवा होती.

विलीनीकरण हे राष्ट्रीय एकात्मतेसाठी अटळ होते आणि योग्यही होते, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. तरीपण त्या घाईत औंधचा अनुभव कोणी जमेस धरला नाही, हेही खरे. महाराष्ट्रात पंचायत राज्य आले ते १ मे १९६२ ला आणि घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने ग्रामपंचायतींना संवैधानिक दर्जा मिळाला तो १९९३ मध्ये. जे औंधच्या ७२ गावांनी १९३९ साली सुरू केले होते!

औंधच्या राज्यातच आटपाडीजवळ कैद्यांची एक मुक्त वसाहत उभी राहिली. नाव मोठे सूचक, 'स्वतंत्रपूर'. भिंत नाही, गजांच्या कोठड्या नाहीत. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा भोगणारे कैदी तेथे कुटुंबासह राहून शेती करणार. ही कल्पना भारतानंदांची आणि तिला पाठबळ राजेसाहेबांचे. माणदेशाचेच सुपुत्र ग. दि. माडगूळकर यांच्या मनात हा प्रयोग रुजून राहिला आणि त्यांच्या लेखणीतून व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट आला. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवातला रौप्य सन्मान त्याला लाभला. त्या चित्रपटातला ध्येयवेडा जेलर आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या पाठीमागे एक वॉर्साचा विद्युत अभियंता उभा होता, हे मात्र पडद्यावर कोठे दिसत नाही.

आता पुन्हा सुताकडे येऊ, कारण त्यांची अभियंत्याची बुद्धी खऱ्या अर्थाने कसाला लागली ती येथे. खेड्यातल्या बाईला घरी बसून चालवता येईल, खेड्यातच दुरुस्त होईल आणि पुरेसे सूत देईल असा चरखा बनवणाऱ्यास अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ साली एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्या काळचे एक लाख! देशोदेशीच्या कारागिरांनी नमुने पाठवले. सर्व अटी पुऱ्या करणारा एकही निघाला नाही. अधिक सूत हवे म्हटले की यंत्र गुंतागुंतीचे होते. ते गुंतागुंतीचे झाले की गावचा सुतार-लोहार हात टेकतो. ही गाठ सोडवणे हे वीजनिर्मितीचे यंत्र बनवण्याहून सोपे नव्हते.

भारतानंदांनी चरख्याचे निरनिराळे प्रकार केले. पण त्यांची खरी कल्पकता दिसते ती 'धनुष तकली'त. त्यांनी विचार उलट्या बाजूने केला. चरख्यात सर्वांत महाग भाग कोणता? चाक. तर चाकच काढून टाकावे. लाकडाच्या छोट्या बैठकीवर चाते बसवायचे आणि हातातल्या धनुकलीच्या वादीने ते फिरवायचे. लाकडाला भोक पाडताना सुतार धनुकलीने फिरकी फिरवतो, तेच तत्त्व. उजव्या हाताने धनुष्य ओढायचे, डाव्या हाताने पेळूतून धागा काढायचा. बांबू, थोडे लाकूड, एक लोखंडी चाते. याहून अधिक काही नाही. साध्या तकलीपेक्षा तिची गती जास्त आणि चरख्यापेक्षा किंमत किती तरी कमी. गांधीजींनी 'रचनात्मक कार्यक्रम' या १९४१ च्या पुस्तिकेत तिची आवर्जून शिफारस केली. चळवळ भडकली आणि लाखो लोकांना एकदम सूत काढायला बसवायचे झाले, तर इतके चरखे येणार कोठून? धनुष तकली बनवायला सोपी, स्वस्त आणि वारंवार दुरुस्ती न मागणारी, हे त्यांचे म्हणणे होते.

धनुष तकली फार काळ टिकली नाही. १९५० च्या दशकात तामिळनाडूच्या एकंबरनाथांचा अंबर चरखा आला आणि तकली वस्तुसंग्रहालयात गेली. तंत्रज्ञानात असे होतच असते, त्याचे दुःख नको. पण ज्याचे नाव बड्या कारखान्यांच्या स्वामित्वहक्कांवर झळकले होते, त्याने आपली सारी विद्या बांबूच्या एका कामट्यावर खर्च करावी आणि त्यात कमीपणा मानू नये, ही वृत्ती आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून किती शिकवली जाते? अमरावती-अकोल्यातून दरवर्षी अभियंते पुण्या-बंगळूरकडे जातात. २०२० च्या टाळेबंदीत आपली फिनले मिल थांबली, तेव्हा कापूस येथेच होता आणि शिकलेली मुलेही याच घरांतली होती. हा प्रश्न आज येथे बसलेल्या प्रत्येक घराला कधी ना कधी पडलेला आहे.

युद्धाच्या काळात भारतानंदांच्या वाट्याला आणखी एक काम आले. पूर्व पोलंडमधून सोव्हिएत राजवटीने लक्षावधी लोकांना सायबेरियात आणि कझाकिस्तानात हद्दपार केले होते. १९४१ मध्ये करार होऊन त्यांची सुटका झाली. हाडांचे सापळे झालेले ते लोक इराणमार्गे बाहेर पडले. त्यांत अनाथ मुले हजारोंनी होती. जगाच्या नकाशावर त्यांना जागा द्यायला फारसे कोणी पुढे येईना. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला त्या मुलांसाठी घर उभे केले आणि कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या काठी वळिवडे येथे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश स्त्रिया-मुलांची वसाहत वसली. शाळा, चर्च, दुकाने, नाटकगृह असलेले ते एक छोटे पोलंडच होते. आपल्या देशबांधवांना भारतात आणण्याच्या खटपटीत भारतानंद होते. त्यांच्या बरोबरीने होत्या वांदा दिनोव्स्का, म्हणजे गांधीजींनी ज्यांना 'उमादेवी' म्हटले त्या पोलिश विदुषी. १९४४ मध्ये या दोघांनी पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू करून भारतीय धर्मग्रंथ पोलिश भाषेत नेण्यास आरंभ केला. वळिवड्याची मुले १९४८ पर्यंत तेथे राहिली, वाढली आणि इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, पोलंड अशी पांगली. वॉर्सात २०१७ साली कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभारले गेले आणि २१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींनी तेथे पुष्पचक्र वाहिले.

यात भारताने काही नवे केले असे नाही. कोकणच्या किनाऱ्याला शतकांपूर्वी लागलेले बेने इस्रायली आपल्याकडे 'शनवार तेली' म्हणून तेलाचा घाणा चालवीत, शनिवारी तो बंद ठेवीत, मराठी बोलत सुखाने नांदले. त्यांच्या घाण्याला शनिवारी कोणी हात लावला नाही आणि त्यांना त्याचा खुलासाही विचारला नाही. ज्या ज्यूंना युरोपने कधी स्वस्थ राहू दिले नाही, त्यांच्यातलाच एक माणूस या भूमीवर भगवी वस्त्रे घालतो आणि त्यालाही येथे कोणी 'तू कोण?' असे दरडावून विचारत नाही.

१९५९ नंतर तिबेटी निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हाही भारतानंद आणि उमादेवी त्यांच्या मदतीला धावले. त्या वेळी अप्पासाहेब पंत सिक्कीममध्ये भारताचे राजकीय अधिकारी होते. औंधच्या चावडीवर एकत्र बसलेले हे मित्र वीस वर्षांनी पुन्हा अशा कामात एकमेकांना पूरक ठरले. तिबेटींना वसाहतींसाठी जमिनी मिळाव्यात म्हणून भारतानंदांनी पंडित नेहरूंकडे नेट लावला, असे त्यांचे स्नेही सांगत. म्हैसूर राज्यातील बैलकुप्पे येथे पहिली मोठी तिबेटी वसाहत १९६१ मध्ये वसली.

शेवटची वर्षे त्यांनी मुंबईत काढली. गिरगावाजवळच्या खेतवाडीत एका लहानशा जागेत मारुती शिवरामपंत कांबळी नावाचे एक गृहस्थ राहत. विड्यांच्या दुकानावर संसार चालवलेले, शाळेचे शिक्षण बेताचे. आणि इंचगिरी संप्रदायाच्या सिद्धरामेश्वर महाराजांचे शिष्य. तेच निसर्गदत्त महाराज. त्यांचे बोलणे अस्सल मराठी, रोखठोक. रमण महर्षी, गांधीजी, कृष्णमूर्ती या साऱ्यांना जवळून पाहिलेला हा वृद्ध अभियंता खेतवाडीच्या त्या माळ्यावर जाऊन बसू लागला. महाराजांचे संवाद ध्वनिमुद्रित होत. ते ऐकून, पारखून, एकेका शब्दाचा अर्थ महाराजांकडून पुन्हा विचारून घेऊन भारतानंदांनी त्यांचे इंग्रजी रूप सिद्ध केले. १९७३ साली मुंबईच्या 'चेतना' प्रकाशनाने 'आय अ‍ॅम दॅट' या नावाने ते प्रसिद्ध केले आणि खेतवाडीच्या गल्लीत देशोदेशीची माणसे पत्ता विचारीत येऊ लागली. मराठीतला एक विडीवाला साधक जगाला ठाऊक झाला तो अशा प्रकारे.

ग्रंथ निघाल्यावर काही वर्षांनी मुंबईत भारतानंदांनी देह ठेवला. त्या वेळी निसर्गदत्त महाराज त्यांच्या उशाशी बसलेले होते. महाराज त्यांना ज्ञानी म्हणत. खेतवाडीला आलेल्या परदेशी पाहुण्यांपैकी अनेकांच्या हाती त्यांचे पुस्तक असे. ज्याने ते इंग्रजीत आणले तो स्वतः कोण, हे मात्र त्यांना तेथे आल्यावर महाराजांच्या तोंडून कळे.